स्टॅबिलायझर तोलताना: पेन्सिल, दोरा आणि दहाचं नाणं

मंगलाष्टकांना दहा मिनिटं होती. सकाळी घरून निघताना कॅमेरा ग्लाइडकॅमवर, म्हणजे चालताना चित्र हलू नये म्हणून वापरायच्या स्टॅबिलायझरवर, नीट तोलून आणला होता. हॉलमध्ये आल्यावर वाटलं, एक छोटा माइक वर लावून घ्यावा. लावला, आणि कॅमेऱ्याने लगेच नाक खाली घातलं. घाईत एक नॉब फिरवला, मग दुसरा, मग खालचं एक वजन काढलं, आणि पाच मिनिटांत जे काही जमलेलं होतं तेही गेलं. अंतरपाट दूर होतानाचा शॉट शेवटी कॅमेरा नुसता हातात धरून घेतला. तो कसा आला असेल ते सांगत नाही.

त्या दिवशी चूक माइकची नव्हती, क्रमाची होती. स्टॅबिलायझर तोलणं हे अवघड काम नाही, पण त्याला क्रम आहे. तो उलटा झाला की एक बाजू नीट करताना दुसरी बिघडते आणि माणूस तासभर नॉब पिळत बसतो. म्हणून इथे प्रत्येक पायरीबरोबर ती त्याच जागी का आहे तेही सांगतो. कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

मी बोलतोय तो बिनमोटरचा, हातात धरायचा स्टॅबिलायझर. वर कॅमेऱ्याची प्लेट, मध्ये दांडा, दांड्यावर सगळीकडे फिरणारं गिंबल आणि त्याला मूठ, खाली वजनांची पट्टी. ग्लाइडकॅम, फ्लायकॅम आणि त्यांची सगळी भावंडं या घरातली. १९७०च्या दशकात गॅरेट ब्राउन या अमेरिकन कॅमेरामनने स्टेडीकॅम काढला. त्यात अंगात घालायचं जॅकेट, जॅकेटला स्प्रिंगचा हात आणि त्या हाताला हा दांडा, असे तीन भाग होते. आपल्या हातात त्यातला फक्त तिसरा आहे. स्प्रिंगचं काम आपल्या दंडाला आणि गुडघ्यांना करावं लागतं. मोटरवाल्या गिंबलचं, म्हणजे मोटरने कॅमेरा सरळ ठेवणाऱ्या स्टॅबिलायझरचं, शेवटी सांगतो.

आळशी ओळंबा

गवंड्याचा ओळंबा सरळ लटकतो, कारण त्याचं सगळं वजन टांगलेल्या जागेच्या खाली असतं. पण तोच ओळंबा हातात घेऊन चालायला लागा. तो हेलकावे खातो, आणि तुम्ही थांबलात तरी चार झोके घेऊन मगच थांबतो. स्टॅबिलायझर म्हणजे मुद्दाम आळशी केलेला ओळंबा. सगळ्या सामानाचा मिळून गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन ज्या एका बिंदूवर तोललं जातं तो बिंदू, गिंबलच्या खालीच ठेवायचा, पण अगदी थोडा, ५ ते १० मिमी. दांडा आपणहून उभा राहील इतका खाली, पण आपण चाललो-थांबलो तर त्याला झुलायचं सुचणार नाही इतका वर.

दुसरी गोष्ट लांबीची. दोरीवरून चालणारी मुलगी हातात आडवा लांब बांबू धरते. वजन मध्यापासून दोन्हीकडे लांब पसरलं की ती वस्तू पटकन कलत नाही, कलायला वेळ घेते, आणि तेवढ्यात सावरता येतं. दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा आणि खालच्या टोकाला वजनं असण्यामागे हाच हिशोब आहे. यातूनच एक उलटी वाटणारी गोष्ट निघते: हलका कॅमेरा तोलायला सोपा नसतो, तो जास्त नाचतो. कॅमेरा फारच हलका असेल तर त्याच्याखाली लोखंडाची एखादी चपटी पट्टी बसवून त्याला जड करणारे लोक आहेत, आणि ते वेडे नाहीत.

कॅमेरा आधी पूर्ण सजवा

तोल कॅमेऱ्याचा नसतो, कॅमेऱ्याच्या एका ठरावीक अवस्थेचा असतो. तुम्ही ज्या अवस्थेत शूट करणार आहात नेमकी तीच आधी उभी करा. लेन्स लावा, लेन्सचं टोपण काढा, हुड वापरणार असाल तर चढवा, बाहेर उन्हात प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागणार असेल तर तोही आत्ताच. बॅटरी आणि कार्ड आत. माइक लावायचा तर लावा आणि त्याची वायर टेपने कॅमेऱ्याला चिकटवून टाका, कारण लोंबती वायर तोल रोज वेगळा करते. गळ्यातला पट्टा काढून टाका. तो लोंबकळतो आणि वाऱ्यावर हलतो. बाजूला उघडणारा स्क्रीन असेल तर ज्या कोनात बघणार त्या कोनात उघडा. स्क्रीन एवढासा, पण तो बाजूला उघडला की कॅमेरा त्या बाजूला कलतो.

झूम लेन्सचं काय? किटमधली १८-५५ सारखी लेन्स झूम करताना नळी पुढे काढते, म्हणजे वजन पुढे सरकतं. तेव्हा एक फोकल लेंग्थ, म्हणजे झूमची एक जागा, ठरवा, शक्यतो सगळ्यात रुंद, आणि झूमच्या रिंगवर टेप मारून टाका. स्टॅबिलायझरवर झूम करायचं नसतं, जवळ जायचं असतं.

मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सगळं एकत्र ठेवून वजन करा. प्रत्येक स्टॅबिलायझरची आपली एक मर्यादा असते, वरची तशीच खालचीही. ग्लाइडकॅम एचडी-२००० साधारण ०.९ ते २.७ किलोपर्यंतच्या कॅमेऱ्यासाठी आहे. त्याच्या बाहेर गेलात तर खालचं सगळं वाचून उपयोग नाही. उदाहरणादाखल, कॅनन ८०डी बॅटरी-कार्डासह ७३० ग्रॅम, १०-१८ची लेन्स २४० ग्रॅम, छोटा माइक आणि खालची क्विक रिलीज प्लेट (कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची, झटकन काढता येणारी पट्टी) धरून सगळं मिळून १.२ किलोच्या आसपास जातं. पुढचे आकडे या १.२ किलोवर काढले आहेत.

पेन्सिलीची पायरी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग अर्धा तास भरपाई करतात. क्विक रिलीज प्लेट लावलेला कॅमेरा टेबलावर एका गोल पेन्सिलीवर आडवा ठेवा, पेन्सिल लेन्सच्या दिशेला काटकोनात. पुढे-मागे सरकवत जिथे कॅमेरा पुढेही पडत नाही आणि मागेही पडत नाही ती जागा शोधा. प्लेटच्या कडेला स्केचपेनने खूण करा. मग पेन्सिल लेन्सच्या दिशेत ठेवून डाव्या-उजव्या बाजूचा मध्य शोधा, तीही खूण. दोन्ही खुणा जिथे छेदतात त्याच्या बरोबर वर कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य आहे. जड लेन्स असेल तर ही जागा बॉडीच्या मधोमध नसून लेन्सच्या बुडाशी असते. ट्रायपॉडचं भोक तिथे नसतं, म्हणून नुसत्या भोकावर भरवसा ठेवून चालत नाही.

आता कॅमेरा वरच्या प्लेटवर असा बसवा की ही खूण दांड्याच्या नेमकी वर येईल. याआधी वरच्या प्लेटचे दोन्ही नॉब फिरवून त्यांना त्यांच्या पट्ट्याच्या मध्यावर आणून ठेवा, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना सरकवायला जागा उरते. खालची वजनांची पट्टी लेन्सच्या रेषेत आहे का तेही बघून घ्या. वरची आणि खालची पट्टी एकमेकींना तिरपी असली तर पुढे गिरकीच्या चाचणीत सगळं उघडं पडतं.

खालची वजनं, म्हणजे कावड

खांद्यावरच्या कावडीत पुढचा हंडा जड असेल तर माणूस खांदा पुढे सरकवतो. इथे गिंबल म्हणजे खांदा. समजा १.२ किलोचा कॅमेरा गिंबलच्या २० सेंमी वर आहे आणि खालची पट्टी ४० सेंमी खाली. वर १.२ गुणिले २०, म्हणजे २४. खाली ४० सेंमीवर २४ व्हायला ०.६ किलो लागतात. दांडा आणि पट्ट्यांचं वजन या हिशोबात धरलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडेल, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. सहाशे ग्रॅमने कावड बरोबरीत येते. आपल्याला खालचं टोक किंचित जड हवं, म्हणून वजनाची अजून एखादी चकती.

दांडा लांब केला तर कमी वजनात काम होतं, हातही कमी दुखतो, आणि वजन लांब गेल्यामुळे कॅमेरा जास्त स्थिर राहतो. मग सगळेच दांडा पूर्ण लांब का करत नाहीत? कारण तो मांडीला आणि गुडघ्याला आपटतो, जिना उतरताना पायरीला लागतो. मी साधारण अर्ध्याच्या थोडं पुढे ठेवतो.

चकत्या पट्टीच्या दोन्ही टोकांना सारख्या लावा. टोकांना लावल्या तर कॅमेरा वळताना सावकाश आणि एकसंध वळतो. मध्याजवळ आणल्या तर चटकन वळतो. लग्नात टोकांना बऱ्या. छोट्या खोलीत, अरुंद जिन्यात मध्याजवळ.

ढोबळ तोल, आणि तो आधी का

पंखा बंद करा. हे गंमत म्हणून सांगत नाही. पंख्याखाली तोललेला कॅमेरा पंख्याखालीच बरोबर असतो. मूठ टेबलाच्या कडेला क्लॅम्पने पकडता आली तर उत्तम, नाहीतर कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवा. दांड्याला हात न लावता तो कुठे कलतो ते बघा.

आधी बाजूने बघा, कॅमेरा पुढे कलतोय की मागे. ज्या बाजूला कलतो त्याच्या उलट बाजूला कॅमेरा सरकवायचा. मग मागून बघा, डावीकडे की उजवीकडे. एका वेळी एकच नॉब. एक अक्ष पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, हे मी स्वतःला अजून सांगतो.

सरळ म्हणजे काय हे कशावरून ठरवायचं? मी बरेच महिने घराच्या दाराच्या चौकटीशी दांडा जुळवत होतो आणि प्रत्येक शॉट उजवीकडे किंचित का कलतो ते कळत नव्हतं. घर जुनं, चौकटच कललेली. तेव्हापासून चौकटीला दोरा बांधून खाली एक नट लटकवतो आणि दांडा त्या दोऱ्याशी जुळवतो. डाव्या-उजव्या बाजूसाठी कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल जास्त खात्रीची, कारण आपल्याला शेवटी चित्र सरळ हवंय, दांडा नाही. दांडा सरळ आणि चित्र वाकडं असेल तर कॅमेरा प्लेटवर नीट बसलेला नाही. स्क्रू ढिला करून परत बसवा.

एक चाचणी इथेच करून टाका. कॅमेऱ्यासकट सगळा दांडा सावकाश पाव वळण फिरवा. कल कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे कॅमेरा आधी पुढे झुकत होता तसाच आताही पुढेच झुकतोय, तर तोल बाकी आहे. कल खोलीच्या त्याच बाजूला राहिला तर वारा आहे किंवा गिंबलचं बेअरिंग अडकतंय. अशा वेळी नॉब कितीही फिरवलेत तरी उपयोग नाही. बेअरिंग मऊ ब्रशने साफ करा. त्यात तेल घालू नका. एका ओळखीच्या पोराने खोबरेल घातलं होतं, थंडीच्या दिवसांत ते आत थिजलं.

आता मुद्द्याचं. हा तोल आत्ता फक्त ढोबळ ठेवायचा, कारण खालची बाजू किती जड आहे यावर कॅमेरा किती कलेल हे ठरतं. एकूण सामान २.४ किलोचं आणि त्यातला कॅमेरा १.२ किलोचा, म्हणजे कॅमेरा २ मिमी सरकला की एकूण गुरुत्वमध्य १ मिमी सरकतो. गुरुत्वमध्य गिंबलच्या १० मिमी खाली असेल तर या १ मिमीने दांडा जवळपास ६ अंश कलतो. तोच ५ मिमी खाली असेल तर ११ अंशांहून जास्त. चूक तीच, कल दुप्पट. म्हणून आधी खालची बाजू जरा जास्तच जड ठेवून ढोबळ तोल साधायचा, मग जडपणा हवा तेवढा कमी करायचा, आणि त्यानंतरच बारीक तोल. उलट केलंत तर सुरुवातीलाच कॅमेरा पारा सांडल्यासारखा पळतो.

दोन सेकंदांची चाचणी

मूठ घट्ट धरा. दुसऱ्या हाताने दांडा बाजूला आडवा करा, जमिनीला समांतर. लेन्सच्या दिशेने नाही, बाजूलाच, म्हणजे झोक्यात लेन्स कशावर आपटणार नाही. सोडून द्या आणि दांडा पहिल्यांदा उभ्या रेषेतून जाईपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. तोंडाने मोजण्यापेक्षा मोबाइल समोर टेकवून २५ फ्रेमवर रेकॉर्ड करा आणि फ्रेम मोजा. ५० फ्रेम म्हणजे २ सेकंद. दुसरा हात कॅमेऱ्याजवळ तयार ठेवा.

एका सेकंदात खाली आला तर तो ओळंबाच आहे; चालायला लागताना मागे झुलेल, थांबताना पुढे. तीन सेकंदांच्या वर गेला तर इतका हळवा झालाय की श्वासानेही कलेल. दोन सेकंदांच्या आसपास बहुतेकांना जमतं. मी बंद हॉलमध्ये सव्वादोन-अडीचपर्यंत जातो, कारण तिथे चाल सावकाश असते. वरातीत, मोकळ्या मैदानात, वाऱ्यावर दीड सेकंदावर आणतो. झुलण्याचा धोका थोडा वाढतो, पण वाऱ्याने कॅमेरा भलतीकडे बघत नाही. म्हणजे हा आकडा कायमचा नाही, त्या दिवशी काय शूट करायचंय त्याप्रमाणे बदलतो.

वेळ बदलायची कशी? खालून वजन काढलं किंवा दांडा आखूड केला की वेळ वाढते. वजन घातलं किंवा दांडा लांब केला की कमी होते. काही मॉडेलमध्ये गिंबलच दांड्यावर वर-खाली सरकतं. ते खाली सरकवलं, म्हणजे गुरुत्वमध्याच्या जवळ आणलं, की वेळ वाढते. एक गंमत मात्र ध्यानात असू द्या. वेळ दुप्पट करायची तर गुरुत्वमध्याचं अंतर निम्मं नाही, पाव करावं लागतं. म्हणून एका सेकंदापासून दीडपर्यंत येताना चकत्या काढाव्या लागतात, आणि दोनापासून अडीचकडे जाताना एक चकतीसुद्धा जास्त होते.

इथे दहाचं नाणं कामाला येतं. दहाच्या नाण्याचं वजन साधारण ७.७ ग्रॅम असतं. आपल्या उदाहरणात ४० सेंमी खालच्या पट्टीवर एक नाणं टेपने चिकटवलं की एकूण गुरुत्वमध्य १ मिमीपेक्षा जास्त खाली जातो. कंपनीच्या चकत्या इतकं बारीक काम करत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातले वायसरही चालतात, पण नाणी खिशात असतातच. दोन्ही टोकांना सारखी लावा, नाहीतर पुढे-मागचा तोल जाईल.

बारीक तोल आणि गिरकी

वेळ मनासारखी आली की परत वरचे नॉब. आता ते केसाएवढे फिरवायचे. आधी पुढे-मागे, मग डावी-उजवी, मग पुन्हा एकदा पुढे-मागे. प्रत्येक वेळी हात काढून दांडा शांत व्हायला सात-आठ सेकंद द्या. हालतं असताना वाचलेला कल खोटा असतो. नॉबला लॉक असेल तर लॉक केल्यावर परत बघा, कारण लॉक घट्ट करतानाही प्लेट किंचित सरकते.

शेवटची चाचणी गिरकीची. दांड्याला दोन बोटांनी हलकी गिरकी द्या, दोन सेकंदांत एक फेरी होईल एवढीच. दांडा उभाच राहून फिरला तर झालं. उभा असलेला दांडा फिरताना भोवऱ्यासारखा डोलायला लागला तर स्थिर तोल बरोबर आणि फिरता तोल चुकलेला, असा अर्थ. कारण बहुधा एकच असतं: कॅमेऱ्याचा मध्य दांड्याच्या वर नाही आणि ती चूक आपण खालच्या वजनांनी झाकली आहे. वर कॅमेरा पुढे गेलेला, खाली वजन मागे गेलेलं. उभं असताना दोघं एकमेकांना फसवतात, फिरताना दोघंही बाहेर ओढतात. उपाय म्हणजे खालची वजनं दोन्ही टोकांना पुन्हा सारखी करा, पेन्सिलीची खूण दांड्यावर आणा आणि बारीक तोल परत साधा. पेन्सिलीची पायरी ज्यांनी गाळली ते इथे अडकतात.

हे सगळं पहिल्यांदा करताना दीड-दोन तास जातात. ते घरी घालवा. जमल्यावर दांड्याची लांबी, कोणत्या टोकाला किती चकत्या, प्लेट कोणत्या रेघेवर, सगळं कागदाच्या टेपवर लिहून बॅगेत चिकटवा. माइकसह एक ओळ, बिनमाइकची दुसरी. दुसरी लेन्स असेल तर तिची तिसरी. हॉलमध्ये पोचल्यावर तेच आकडे लावले की बारीक फिरवाफिरवीला पाच मिनिटं पुरतात.

बोटं, कोपर, गुडघे

उजव्या हाताने मूठ, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गिंबलच्या अगदी खाली दांड्यावर. किती दाबायचं? रांगोळीची चिमूट धरतो तितकं. चिमूट आवळली तर रांगोळी पडतच नाही; इथे चिमूट आवळली तर हाताची थरथर थेट चित्रात जाते. ही बोटं कॅमेरा उचलत नाहीत, फक्त दिशा दाखवतात. गिंबलपासून खाली, दांड्याच्या मध्याला धरलंत तर तुमचा प्रत्येक धक्का कलण्यात बदलतो, म्हणून जागा गिंबललगतचीच.

सुरुवात आणि शेवट हे दोन क्षण वाईट. पहिलं पाऊल टाकताना आणि शेवटचं थांबवताना ही चिमूट किंचित घट्ट करा, मधल्या चालीत परत सैल. आणि एकदम थांबू नका. शेवटची तीन पावलं आखूड करत जा.

गिंबल कल काढून टाकतं, पण वर-खाली होणारी उचल काढत नाही. स्प्रिंगचा हात आपल्याकडे नाही, आठवतंय ना? काठोकाठ भरलेलं पातेलं ओट्यावरून टेबलाकडे नेताना आपण कसे चालतो: गुडघे थोडे वाकलेले, टाच आधी, पाऊल सावकाश टेकत, नजर पातेल्यावर नाही तर वाटेवर. तीच चाल. कोपर अंगापासून चार बोटं सुटं ठेवा; अंगाला चिकटवलं तर कमरेचा धक्का वर जातो, फार लांब नेलं तर अडीच किलो पाच मिनिटांत खांदा मोडतात. हात थरथरायला लागला की शॉट संपवा.

कॅमेऱ्याच्या सेटिंगचं थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं तर हॉलच्या दिव्यांची फडफड टळते आणि हालचालही डोळ्याला मऊ वाटते. रुंद लेन्स वापरा; टेलिफोटोवर जमलेला स्टॅबिलायझरही लाजतो. फोकसची रिंग चालता चालता फिरवता येत नाही, तेव्हा ऑटोफोकसवर भरवसा नसेल तर ८०डीसारख्या कॅमेऱ्यावर १८ मिमी, एफ ५.६ ठेवून फोकस ३ मीटरवर बांधून टाका. साधारण दीड मीटरपासून पुढचं सगळं स्वच्छ येतं. त्याहून जवळ गेलात तर मात्र नवरीचं नाक मऊ दिसेल.

मोटरवालं गिंबल असलं तरी

“मोटरच सांभाळते की, तोलायचं कशाला?” हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. मोटर सांभाळते, पण फुकट नाही. तोल चुकलेला असेल तर ती सतत ढकलत बसते. बॅटरी लवकर उतरते, मोटर गरम होते, गुणगुणते, आणि ती गुणगुण बारीक थरथर होऊन चित्रात दिसते. भार फारच जास्त झाला तर गिंबल ऐन शॉटमध्ये मान टाकतं.

तोलताना वीज बंद. क्रम इथेही आहे, आणि तो आतून बाहेर जातो, कारण आतला अक्ष हलवला की बाहेरचा बिघडतो. एका वेळी एकाच अक्षाचं लॉक उघडा. आधी टिल्ट, म्हणजे लेन्सचं वर-खाली होणं: लेन्स आकाशाकडे करून सोडा, आणि कॅमेरा वर-खाली सरकवत ती तशीच राहील असं करा. मग लेन्स समोर करून कॅमेरा पुढे-मागे सरकवा, नाक पडू नये आणि उठूही नये. जमलं आहे का हे बघायची युक्ती म्हणजे लेन्स ४५ अंशांवर नेऊन हात काढायचा. तिथेही थांबली तर दोन्ही बरोबर. मग रोल, म्हणजे कॅमेऱ्याचं बाजूला कलणं: मागून बघून डावी-उजवी. शेवटी पॅन, म्हणजे डावी-उजवीकडे वळणं: हँडल आडवं करून पॅनचा हात जमिनीला समांतर आणा आणि सोडा, तो जड बाजूला फिरत खाली आला तर त्या हाताची लांबी बदला. पॅन बहुतेक जण तपासतच नाहीत, कारण हँडल उभं असताना चूक दिसत नाही. चालताना हँडल थोडं पुढे झुकलं की ती दिसते.

मग वीज सुरू करून ऑटो ट्यून, म्हणजे मोटरची ताकद गिंबलला स्वतःच जुळवू द्यायची. सुरू केल्यावर गुणगुण आली तर आधी मोटरची ताकद कमी करून बघा. तरीही राहिली तर बंद करा, लेन्सच्या टोकावर बोट ठेवून कुठला अक्ष सैल आहे ते बघा. तिथे सरकपट्टी टोकाला जाऊन थांबली असेल आणि तरी तोल पुरत नसेल, तर त्या हातावर दहाचं एक नाणं टेपने चिकटवा.